नववीने पाडलेलं सरकार

आमचं घर खाडीपलीकडे होतं असं शाळेतले सगळे म्हणत. आम्ही मात्र शाळा खाडीपलीकडे आहे असं म्हणायचो. तारकर्लीच्या अंगाला खाडी रुंद होत समुद्राकडे सरकते, तिथे माडांच्या बनात आमची तेरा-चौदा घरांची वाडी. सकाळ उजाडायची ती हाकांनी. पलीकडच्या काठावर कुणी आलं की तोंडाला दोन्ही हात लावून ‘ओऽऽ तारी!’ अशी आरोळी द्यायचं, आणि अलीकडे आमच्या शेजारचे दाजी, होडीने खाडीपार सोडणारे तारी, अंगणातूनच ‘इलंऽऽय’ म्हणून ओ द्यायचे आणि मग निवांतपणे चहा संपवायचे. आईची तेव्हा गडबड चाललेली असे. उकड्या तांदळाची पेज, त्यात मिठाचा खडा, बरोबर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. तो बांगडा भाजला की त्याचा वास केसांत बसायचा आणि वर्गात पुढच्या बाकावरच्या मुली नाक मुरडायच्या. मी मुद्दाम त्यांच्या मागेच बसायचे. आई पहिल्या खेपेला मासळीची टोपली घेऊन मालवणच्या बाजाराला जाई, आम्ही आठ पोरं दुसऱ्या खेपेला शाळेला.

बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जात. रापण ओढणारे पुष्कळ होते, पण गाऱ्हाणं घालावं ते बाबांनीच, असं सगळी वाडी म्हणे. नवीन जाळं पाण्यात जायचं असो, कुणाचं लग्न असो, जत्रा असो, बाबा डोक्याला पंचा गुंडाळून देवासमोर हात जोडून उभे राहत आणि एरवी तोंडातून चार शब्द न काढणारा हा माणूस असा काही बोलू लागे, की लहान पोरंही गप्प व्हायची. एकेक मागणं सांगून ते ‘रे महाराजा’वर आवाज टाकत, आणि जमलेली सगळी माणसं एका दमात म्हणत, ‘होय महाराजा!’ कुणी विचार करून ‘होय’ म्हणत नसे. श्वास घ्यावा तसं ते यायचं. मी ओटीवर बसून ऐकता ऐकता बाबांचे सगळे चढउतार पाठ केले होते. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं, त्यामुळे हे पाठांतर कधी कामाला येईल असं माझ्या मनातही नव्हतं.

मी नववीत गेले त्या पावसाळ्यात माणसं पार नेणारी तरीची मोठी होडी तळाशी फुटली. माणसं वाचली, टोपल्या गेल्या. तालुक्याचे साहेब आले, छत्रीखाली उभे राहून त्यांनी होडी पाहिली, ती वाळूवर ओढून उलथी घालायला लावली आणि ‘वापरास मनाई’ असा कागद तिला चिकटवला. नवी होडी लवकरच मिळेल, असं ते जाताना म्हणाले. तो कागद दुसऱ्याच सरीत विरघळला, साहेबांचा शब्दही तसाच कुठेतरी गेला. पाऊस संपेपर्यंत आमची शाळा बुडाली आणि नंतर दाजी आम्हाला मासे पकडायच्या लहान होडक्यातून, दोन-दोन करून, चोरून सोडू लागले. खाडी शांत असेतो ते चालत होतं. पावसात त्या होडक्यात कुणी मांजरही बसवलं नसतं. वरच्या अंगाला पूल होता, पण त्याला वळसा घालून शाळा गाठायची तर अर्धा दिवस जाई. बाबांनी एके दिवशी जाळं विणता विणता मला सांगून टाकलं, “पावस लागासर होडी इली तर धावीत जा. नायतर घरी ऱ्हव. त्या होडक्यातसून मी तुका पावसात सोडूचंय नाय.” माझी दहावी वाळूत उलथ्या पडलेल्या त्या लाकडावर अडकली होती, आणि हे मला पुरतं कळत होतं.

त्याच वर्षी, परीक्षेच्या आधी, शाळेत अभिरूप संसद भरवायचं ठरलं. केळुसकर सर नागरिकशास्त्र शिकवायचे. हडकुळे, घाबरट, शर्टाच्या खिशात कायम खडू. पण संसदेवर बोलू लागले की त्यांच्यात कुणी दुसराच माणूस शिरे. ते म्हणत, “मुलांनो, सरकार म्हणजे लांब कुठे तरी राजवाड्यात बसलेली माणसं नव्हेत. पंतप्रधान आणि मंत्री त्याच सभागृहातून आलेले असतात आणि त्यांना त्याच सभागृहात येऊन बसावं लागतं. कारभार त्यांचा, पण जाब विचारायचा सभागृहाने. आणि सभागृहाचा विश्वास उडाला तर एका ठरावाने सगळं मंत्रिमंडळ घरी.” मला हे खरं वाटेना. आमच्या अनुभवात सरकार जीपमधून यायचं, छत्रीखाली उभं राहायचं आणि जायचं.

कुणी काय बोलायचं ते सगळं सरांनी लिहून काढलं आणि हेडमास्तरांनी ते तपासून घेतलं. हेडमास्तरांची मुलगी शैला आमच्याच वर्गात, ती अध्यक्षा झाली. ती इतकी अबोल की तिला ‘शांतता राखा’ हे वाक्यही चारदा शिकवावं लागलं. दाजींचा दिगंबर, आमचा दिग्या, वर्गात पहिला, म्हणून तो पंतप्रधान, आणि त्याच्यासाठी कुणाच्या तरी मामाचं जाकीट आणलेलं. मी विरोधी पक्षात. शेवटी अविश्वासाचा ठराव मी मांडायचा, साखरेच्या वाटपाबद्दल चार वाक्यं बोलायची, मग आवाजी मतदान, ‘नाही’चं बहुमत, सरकार वाचलं, टाळ्या, आभार, पाहुण्यांना कोकम सरबत. पाहुणे कोण, तर तालुक्याचे साहेब. तेच, छत्रीवाले.

त्या संध्याकाळी आई अंगणात बांगडे साफ करत होती, रात्रीच्या तिखल्याच्या कालवणासाठी. मी तिच्याजवळ बसून माझी चार वाक्यं घोकत होते. ती कोयती थांबवून म्हणाली, “थंय सरकार समोर बसता मां?”

“होय.”

“आणि ज्येका इचारूचा आसा तो इचारता?”

“होय गो.”

“मगे साखरेचा कित्याक इचारतंस? साखर घरात आसा. होडी खंय आसा?”

बाबा ओटीवरून ओरडलेच. “काय शिकयतंस तिका! साहेब रागावलो तर येवची होती ती पण होडी येवची नाय.” आई पुढचा बांगडा उचलून साफ करू लागली. बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. होडी देणारा तोच एक माणूस, आणि त्याला चारचौघांत विचारलं तर तो चिडणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी जेवताना तिरफळाचा दाणा चावून बसले आणि जीभ बधिर झाली, तरी डोकं काही स्वस्थ बसेना.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचं मोठं दालन भरून गेलं. मागे सतरंजीवर पालक. बाबाही आले होते, धुतलेला सदरा घालून, दाराजवळ भिंतीला टेकून उभे. साहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर. त्यांच्यासमोर तिपाईवर काजूची बशी. प्रश्नोत्तरं झाली, एक विधेयक झालं, दिग्याने जाकिटात हात घालून भाषण केलं. मग शैलाने माझं नाव घेतलं. मी उठले. “अध्यक्ष महोदया, हे सरकार साखरेच्या वाटपात अपयशी ठरलं आहे,” इथवर नीट झालं. तेवढ्यात साहेबांनी एक काजू उचलला, शेजारी बसलेल्या हेडमास्तरांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघेही हसले. माझ्याकडे पाहून हसले नव्हते, हे मला आजही ठाऊक आहे. पण त्या हसण्याने माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, “अध्यक्ष महोदया, साखर ऱ्हवांदे.” आणि पुढचं माझ्या तोंडून कसं निघालं ते सांगता येणार नाही. हात आपोआप जुळले. आवाज माझा होता, पण चाल बाबांची. “बाय महाराजा, आमची तरीची होडी फुटान रेतीर उलथी पडली आसा, रे महाराजा!”

मागून शाळेच्या शिपायाचा आवाज आला, सवयीने, “होय महाराजा!”

“धा म्हयने झाले, नवी होडी देतंव म्हणान सांगल्यानी, ती अजून इली नाय, रे महाराजा!”

आता अर्धं दालन बोललं. “होय महाराजा!”

“मृग लागलो की आठ पोरांची शाळा बंद जातली. दिलेलो शबुद ह्या सरकाराक पाळूक जमना नाय, तर त्येका ह्या खुर्चेवरसून खाली उतरव, रे महाराजा!”

“होय महाराजा!” छप्पर हललं. सरकारी बाकांवरची पोरं ओरडली, पालक ओरडले, सरबत गाळणाऱ्या बायका ओरडल्या. दाराजवळून बाबांचा आवाज मी वेगळा ओळखला. हेडमास्तरांच्या तोंडूनही ‘होय’ बाहेर पडलं. पुढचं ‘महाराजा’ त्यांनी कसंबसं गिळलं.

शैलाला पुढचं पान पाठ होतं आणि त्या गोंधळात तिला तेवढाच आधार होता. तिने मान खाली घालून वाचलं, “ठरावाला अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं.” परत तीच गर्जना. “प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं.” दोन-तीन बारीक आवाज आले. तिच्या कागदावर ‘नाहीचं बहुमत आहे’ असं लिहिलेलं होतं. तिने कागद पाहिला, वर पाहिलं, आणि जे कानांनी ऐकलं होतं ते सांगितलं. “मला वाटतं, होयचं बहुमत आहे.”

हेडमास्तर ताडकन उठले. “थांबा! परत घ्या. हा काय पोरखेळ आहे? गाऱ्हाणं ऐकलं की ही माणसं होय म्हणतात. ही सवय झाली, मत नव्हे.” शैला लगेच चाचरत म्हणाली, “मतदान परत घेण्यात येईल.” आणि मला सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल तर हे की हेडमास्तरांचं म्हणणं बरोबर होतं. ते ‘होय’ माझं नव्हतं. ते बाबांच्या चालीचं होतं, देवाच्या भीतीचं होतं. मी त्याच सुरात ‘होडी नको’ म्हटलं असतं तरी छप्पर तसंच हललं असतं. मला फुकटचं बहुमत नको होतं. मी उभीच होते. मी म्हटलं, “अध्यक्ष महोदया, आवाजी मतदान मला मान्य नाही. मी मतविभागणी मागते. माणसं उठवून मोजा.”

आज घरात टीव्हीवर संसदेचं कामकाज चालू असलं की माझा नातू मला तिथून उठवायला बघतो, कारण मी पडद्याशी भांडते. गोंगाटात कायदा येतो, गोंगाटात ‘होय’ येतं, मंजूर, मंजूर, पुढचा विषय. बाकं कुठल्याही पक्षाची असोत, मला फरक पडत नाही, मी सगळ्यांवर ओरडते. अरे, उठा, मोजून घ्या! कोण कुठे उभा राहिला ते दिसू दे लोकांना! कारभार करणाऱ्याला घाई असतेच, ती त्याची गरज आहे. पण ज्यांना आम्ही थांबवायला पाठवलं तेच घाई करू लागले तर त्यांना तिथे पाठवायचं तरी कशाला? नातू म्हणतो, आजी, त्यांना ऐकू जात नाही. मला ठाऊक आहे. साहेबांनाही दहा महिने ऐकू गेलं नव्हतं.

त्या दिवशी दालनात केळुसकर सर कोपऱ्यात उभे होते. हेडमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. “मतविभागणी असं काही असतं का हो?” सरांनी खिशातला खडू मुठीत धरला आणि म्हणाले, “असतं, सर. सदस्याने हरकत घेतली तर मोजावं लागतं.” साहेबांना आता मजा वाटू लागली होती. “मोजा की,” ते म्हणाले. मग ठरलं, मतं फक्त संसदेतल्या मुलांची, ‘होय’वाल्यांनी पूर्वेच्या दाराने पडवीत जायचं, ‘नाही’वाल्यांनी पश्चिमेच्या.

पाच मिनिटांपूर्वी घसा फोडून ‘होय’ म्हणणारे आता बाकाला चिकटून बसले. उठायचं म्हणजे साहेबांच्या समोरून जायचं होतं. मी निघाले. माझ्यामागे आमच्या वाडीची पोरं, विरोधी बाकांवरची काही. माझी जिवाभावाची मैत्रीण कुंदा, जी सगळ्यात मोठ्याने ओरडली होती, खाली मान घालून पश्चिमेच्या दाराने गेली. तिचे वडील शाळेतच कारकून होते. मी तिला पुढे कधी त्याबद्दल विचारलं नाही, पण तेव्हा मला रडू आलं होतं हे खरं. सरकारी बाकांवरून मात्र एकेक जण उठू लागला. मसुऱ्याहून मामाकडे शिकायला आलेला एक मुलगा, ज्याचा आमच्या खाडीशी काडीचा संबंध नव्हता, तो सरळ पूर्वेला आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. शेवटी सदस्यांपैकी दिग्या एकटा उरला, पंतप्रधानाच्या खुर्चीत. त्याने जाकीट काढलं, घडी केली, खुर्चीवर ठेवलं आणि आमच्याकडे चालू लागला.

“अरे, तू पंतप्रधान!” हेडमास्तर ओरडले.

दिग्या थांबला. “होय, सर. पण माजो बापूस तारी आसा.”

सरांनी दोन्ही पडव्यांत जाऊन मोजलं. एकोणीस आणि सोळा. हेडमास्तर म्हणाले, “रद्द करा हे. सगळं रद्द.” आणि आपल्या बापासमोर जन्मात मान वर न केलेली शैला त्या उंच खुर्चीवरून म्हणाली, “सर, आवाजी परत घेता आलं. माणसं उठून गेल्यावर परत घेता येत नाही. ठराव मंजूर झाला.” घरी तिचं काय झालं असेल ते असेल. आठवडाभर ती शाळेत आली नाही. मला परीक्षेपर्यंत रोज शेवटचा तास वर्गाबाहेर उभं केलं. पण त्या क्षणी साहेब हसत उठले आणि म्हणाले, “बरं, सरकार पडलं. आता होडी कुणाकडे मागणार?” केळुसकर सर, ज्यांना आम्ही कधी साहेबाच्या नजरेला नजर देताना पाहिलं नव्हतं, म्हणाले, “पुढच्या सरकारकडे, साहेब. तेही इथेच येऊन बसेल.” दालनात कुणी हसलं नाही. साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, मागच्या पालकांकडे पाहिलं, आणि म्हणाले, “मृगाच्या आत होडी लागेल.” शैलाने लगेच कामकाज टिपणाऱ्या मुलीला सांगितलं, “लिहून घे.”

रात्री घरी जेवणं झाली, आईने सोलकढी वाढली, आणि मग बाबांनी विचारलं, “गाऱ्हाणा घालताना मान खाली धरतत. तू वर कित्याक बघी होतंस?” मी म्हटलं, “थंय देव नाय होतो, बाबा.” त्यांनी वाटी पुढे केली आणि आणखी सोलकढी मागून घेतली.

मृग लागला. होडी आली नाही. शाळा सुरू झाली त्या सकाळी आम्ही आठही जण गणवेश घालून, दप्तरं प्लास्टिकमध्ये गुंडाळून काठावर जाऊन उभे राहिलो. पलीकडे शाळेची घंटा झाली ती वाऱ्याबरोबर ऐकू आली. आम्ही दुपारपर्यंत उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी आया येऊन उभ्या राहिल्या, चौथ्या दिवशी रापणीवरचे बाप्ये. बाबांनी मला घरी चल म्हटलं नाही. एकदाच म्हणाले, “नाय इली तर?” मी म्हटलं, “उद्या परत येतलंय.” नवव्या दिवशी पावसाच्या झडीतून एक मोठी, नव्या डांबराचा वास येणारी होडी काठाला लागली. तिच्यात दाजी होते आणि रेनकोट घातलेला तालुक्याचा एक कारकून. खाली उतरायच्या आधीच त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. कागदावर टंकलेलं होतं: होडी मिळाली. आमची कोणतीही तक्रार राहिलेली नाही. “सह्या करा आणि बसा,” तो म्हणाला. “सह्या नाहीत तर होडी परत न्यायला सांगितलीय.”

बाबा माझ्यामागे उभे होते. पलीकडे घंटा व्हायला आली होती. दाजी वल्ह्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहत होते, दिग्याही. नुसती सही केली असती तर कुणी मला नावं ठेवली नसती, आणि होडी परत गेली असती तर ती माझ्यामुळे गेली असती. मी कारकुनाचं पेन घेतलं. पहिलं वाक्य तसंच ठेवलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: ती चालते की नाही हे आम्ही रोज बघणार आहोत. मग सही केली. दिग्याने केली, उरलेल्या सहांनी केली. कारकुनाने कागद पावसापासून आडोशाला धरून दोनदा वाचला.

“असं कुठे लिहितात का?” तो म्हणाला.

मी दप्तर उचललं आणि होडीत पाय टाकला. “आता लिहिलंय,” मी म्हटलं.